वरचं पाणी, खालचं पाणी

आषाढात खंडाळ्याच्या वळणावर उभं राहिलं की घाट दिसत नाही, ऐकू येतो. ढग दरीतून वर चढतात, अंगावरून निघून जातात, नागफणीचं टोक क्षणभर उघडं पडतं आणि पुन्हा मिटतं. कड्यावरून उतरणाऱ्या धारांचा एकसारखा आवाज असतो. त्या आवाजातून मग दुसरा आवाज वेगळा होतो. कर्जतहून गाडी निघालेली असते. पुढचं इंजिन ओढतंय, मागची इंजिनं रेटताहेत, आणि बोगद्याबाहेर आधी दिव्याचा पिवळा डाग येतो, मग गाडी.

माझा जन्म नाणे मावळातला आणि पुढची सगळी उमर लोणावळ्यात गेली. दर पावसाळ्यात एकदा तरी मी इथे येऊन उभा राहतो. गेली काही वर्षं इथे आलो की एका माणसाची आठवण येते. तो माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेला. मावळाशी त्याचं नातं म्हणाल तर एवढंच, की मुंबईहून पुण्याला जायचं तर याच घाटाने जावं लागे.

त्या काळचा घाट आजच्यासारखा नव्हता. खंडाळ्याच्या अलीकडे, जिथे परवापरवापर्यंत अमृतांजन पूल उभा होता त्याच्या जवळ, रिव्हर्सिंग स्टेशन होतं. डोंगराला वळसा घालायला जागाच नसल्यामुळे गाडी कड्याच्या टोकापर्यंत येऊन थांबायची. इंजिन सुटायचं, दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि गाडी उलट तोंडाने पुढची चढण चढू लागायची. कर्जतपासून पुढे तोंड करून बसलेल्या प्रवाशाची आता चढणीकडे पाठ व्हायची. जागेवरून तो हललेलाही नसायचा. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि हे स्टेशन गेलं. जुन्या बांधकामाचे दगड अजून आहेत. पावसात त्यांच्यावर शेवाळ इतकं दाट येतं की हात ठेवला तर ओल्या घोंगडीवर ठेवल्यासारखा वाटतो.

त्या माणसाचं नाव नारायण गणेश चंदावरकर. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती, आणि पुढे १९२१ पासून मुंबई कायदेकौन्सिलाचे अध्यक्ष. आज हे नाव घेतलं तर दहातले नऊ जण नुसतं बघत राहतात. दहावा विचारतो, चंदावरकर म्हणजे ते टिळकांच्या विरुद्ध निकाल देणारे का?

हो, तेच.

नारायणराव, तुमच्याशीच बोलतो आता. मेलेल्या माणसाबद्दल तिऱ्हाईतासारखं लिहिणं मला जमत नाही, आणि तुमच्याबद्दल तर मुळीच नाही. २ डिसेंबर १८५५ ला तुम्ही होन्नावरला जन्मलात, आणि पुढच्याच महिन्यात, १८५६ च्या जानेवारीत, या घाटाला पहिली सुरुंगाची भोकं पडली. तुम्ही आणि हा घाट एका वयाचे. तुम्ही रांगत होता तेव्हा इथे माणसं दोराला लोंबकळून कातळ फोडत होती. पटकीने, दरडीने, कडेलोटाने ती माणसं हजारांनी मेली. १८६३ साली पंचवीस बोगद्यांचा हा रस्ता खुला झाला तेव्हा तुम्ही आठव्या वर्षात होता आणि घाट तुम्ही पाहिलाही नव्हता. कारवारच्या किनाऱ्यावरून पोरवयात मुंबईला आलात, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलात, इंदुप्रकाशची इंग्रजी बाजू लिहू लागलात. १८८५ साली, काँग्रेस अजून जन्मायची होती तेव्हा, हिंदुस्थानची गाऱ्हाणी विलायतेच्या मतदारांपुढे ठेवायला तिघे जण गेले. त्यांतले मुंबईचे तुम्ही. तिसावं वर्ष चालू होतं.

त्याच साली काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्याला भरायचं होतं. पुण्यात पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईत भरलं. नाहीतर त्या बहात्तर प्रतिनिधींतले कितीतरी याच घाटाने वर आले असते. असल्या न घडलेल्या गोष्टींचा मला फार मोह पडतो.

मग १९०० चा डिसेंबर. लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्ष तुम्ही. तिथल्याच सामाजिक परिषदेला न्यायमूर्ती रानड्यांना यायचं होतं, पण प्रकृतीने जाऊ दिलं नाही. १६ जानेवारी १९०१ ला ते गेले. त्याच साली तुम्ही हायकोर्टाच्या न्यायासनावर बसलात. प्रार्थना समाजाची धुरा आणि सामाजिक परिषदेचं काम, रानड्यांच्या मागे हेही तुमच्याकडेच आलं. इंजिन एका टोकाला सुटलं आणि दुसऱ्या टोकाला लागलं. सरकारला जाब विचारणारा माणूस आता सरकारच्या कायद्याने न्याय देणार होता.

न्यायासनावरची तुमची ही बारा वर्षं मी पुन्हापुन्हा वाचली. वकील नसलेल्या माणसाला जेवढं कळतं तेवढं वाचलं. १९१० हे साल मात्र ओलांडता येत नाही. टिळक ज्या इस्टेटीचे विश्वस्त होते तिच्या, ताईमहाराजांच्या दत्तकाच्या खटल्यात तुम्ही आणि न्यायमूर्ती हीटन यांनी टिळकांच्या विरुद्ध निकाल दिला. टिळक तेव्हा मंडालेत होते. नुसता निकाल विरुद्ध गेला असता तर गोष्ट वेगळी होती. त्या निकालात टिळकांच्या सचोटीवरच डाग पडला. १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. त्याच १९१० मध्ये नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाचा खटला खास न्यायमंडळापुढे चालला. सर बेसिल स्कॉट, तुम्ही आणि हीटन. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे १९ एप्रिलला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. कान्हेरे अजून विशीतही नव्हता. वर्ष संपता संपता सावरकरांना जन्मठेप झाली. आणि त्याच साली तुम्ही ‘सर’ झालात.

या तिन्ही गोष्टी एका कागदावर लिहून मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो. खुनाला कायद्यात जी शिक्षा तीच तुम्ही दिलीत, हे मला कळतं. कायद्याच्या पुस्तकात त्या पोराच्या वयाला जागा नव्हती, हेही कळतं. पण न्यायासनावर बसलेल्या तिघांत इथल्या मातीतले तुम्ही एकटेच, आणि त्या पोरांच्या घरी काय बोललं जात असेल, कोणत्या ओव्यांवर ती वाढली असतील, हे तिथे फक्त तुम्हाला ठाऊक असणार. ते ठाऊक असून सही करणं आणि ठाऊक नसताना सही करणं यांत फरक आहे. तो तुम्हाला जाणवला असेल असं मी धरून चालतो. नाहीतर तुमच्यासाठी हे लिहायला बसलोच नसतो.

पुढे १९१८. महायुद्धाच्या काळात बंगालमध्ये खटल्यावाचून डांबलेल्या लोकांची प्रकरणं तपासायला दोन न्यायाधीश नेमले गेले. बीचक्रॉफ्ट आणि तुम्ही. ८०६ प्रकरणं तुमच्यासमोर आली. ना वकील, ना उलटतपासणी, नुसते कागद. त्यांतून तुम्ही दोघांनी सोडायला सांगितलीत सहा माणसं.

आठशे सहामधली सहा. हा आकडा मला घाटातल्या त्या बोगद्यांसारखा वाटतो. प्रकाश येतो, पण लगेच संपतो. यावर पांघरूण घालायला मी तयार नाही. शोक करायचा म्हणजे गेलेल्याच्या चुका झाकायच्या, असं आपल्याकडे मानतात. तेराव्याच्या पंगतीत गेलेल्या माणसाचं फक्त गोड आठवायचं. मला तसा शोक करता येत नाही. ज्याचं सगळं आठवतं त्याच्यासाठीच डोळे भरून येतात.

आणि सगळं आठवायचं तर दुसरी बाजूही तितकीच मोठी आहे.

१८ ऑक्टोबर १९०६ ला विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली, डिप्रेस्ड क्लासेस मिशन. तिचे अध्यक्ष तुम्ही. हायकोर्टाचा न्यायमूर्ती आणि अस्पृश्यांच्या शाळेचा अध्यक्ष, हे दोन्ही एकाच वेळी असणं तेव्हा सोपं नव्हतं. तुमच्या स्वतःच्या सारस्वत समाजात परदेशगमनावरून, सहभोजनावरून माणसं वाळीत पडत होती. ११ नोव्हेंबर १९१७ ला मुंबईत अस्पृश्य मानलेल्या समाजांची सभा भरली, तिचं अध्यक्षपद तुमच्याकडे होतं. या समाजांवर रूढीने लादलेली बंधनं दूर करण्याची गरज काँग्रेसने मान्य करावी, असा ठराव तिथे झाला. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याच्या काँग्रेसने, आपल्या इतिहासात पहिल्यांदा, तसा ठराव केला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या ग्रंथात या सभेची नोंद घेतली आणि तिच्यामागच्या राजकारणाच्या गणितावरही नेमकं बोट ठेवलं. गणित होतंच. पण शब्द एकदा कागदावर आला की तो लिहिणाऱ्याच्या हेतूपेक्षा जास्त दिवस जगतो, हे न्यायाधीशाला आपण वेगळं काय सांगावं?

आता माझ्या गावाचं सांगतो.

आमच्या गावाला ओढ्याच्या काठी दोन पाणवठे होते. कातळात खोदलेले, हातभर खोल. वरचा गावाचा. त्यातून वाहून आलेलं पाणी खाली दुसऱ्या खड्ड्यात साठायचं, तो महारवाड्याचा. कुणी पाटी लावलेली नव्हती. पाण्याच्या उतारानेच सगळं ठरवून टाकलं होतं. पाऊसकाळात दोन्ही भरून वाहायचे आणि कुणाला काही आठवायचं नाही. चैत्र लागला की खालचा आटायचा. मग खालच्या आळीच्या बाया वर यायच्या, पाणवठ्यापासून दहा पावलांवर घागरी मांडून उभ्या राहायच्या. ‘पाणी वाढा, माय’ म्हणायच्या. कुणी वाढेपर्यंत उभ्याच.

माझी आजी वाढायची. चुंबळ डोक्यावरून काढून कमरेला खोचायची, कळशी बुडवून उचलायची आणि हातभर उंचीवरून समोरच्या घागरीत धार धरायची. घागरीला कळशी लागू नये म्हणून ती उंची. तिचा हात इतका सरावलेला, की एक थेंब बाहेर जात नसे. घागर भरत आली की धारेचा आवाज बारीक होत जायचा. त्या आवाजावरूनच तिला कळायचं कुठे थांबायचं. मी सात-आठ वर्षांचा असेन, म्हणजे १९६० च्या आगेमागे. मला वाटायचं, आजीसारखं पाणी वाढता यायला हवं. त्या बाईला स्वतः का घेऊ देत नाहीत हा प्रश्न मला पडला नाही. तो पडायला मला लोणावळ्याच्या शाळेत जावं लागलं, आणि तोवर आजी राहिली नव्हती.

ही गोष्ट १९६० ची, आणि मुंबई कौन्सिलात सीताराम केशव बोल्यांचा ठराव संमत झाला तो ४ ऑगस्ट १९२३ ला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने, हे सगळं अस्पृश्यांना खुलं असावं. या ठरावाच्या आधारानेच महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं, आणि ते नुसतं कागदावर राहिलं म्हणून १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांना तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. हे सगळं शाळेत शिकलो होतो. म्हातारपणी सहज बघायला गेलो, की हा ठराव झाला त्या सभेच्या खुर्चीत कोण होतं. तिथे तुम्ही सापडलात, नारायणराव. सापडलात म्हणजे त्या दिवशीच्या खुर्चीत नव्हता. १४ मे १९२३ ला तुम्ही गेलात, आणि खुर्चीवर दुसरे आले होते. तीन महिने कमी पडले.

तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून जात नाही.

अध्यक्षाच्या खुर्चीचं एक दुःख असतं. त्या खुर्चीतल्या माणसाला बाजू घेता येत नाही. लाहोरला तासभर बोललेले, गिरगावात प्रार्थना समाजाच्या व्यासपीठावरून संतांवर प्रवचनं केलेले तुम्ही कौन्सिलात आल्यावर फक्त ‘होय म्हणणारे किती, नाही म्हणणारे किती’ एवढंच विचारत बसलात. १९२१ साली स्त्रियांना मत देण्याचा प्रश्न आला, वाद झाला, ठराव संमत झाला. १९२३ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. दोन्ही वेळा तुम्ही खुर्चीत होता. आयुष्यभर ज्यासाठी बोललात ते घडताना तुम्हाला गप्प बसायचं होतं.

कौन्सिलाची पावसाळी बैठक पुण्याला भरे. गव्हर्नर गणेशखिंडीत मुक्कामाला, कौन्सिल आजही उभ्या असलेल्या त्या लाल कौन्सिल हॉलमध्ये. म्हणजे पावसात मुंबईहून वर यायचं, आणि रिव्हर्सिंग स्टेशनवर थांबायचं. त्या थांबलेल्या डब्यातले तुम्ही मला दिसता. साठी उलटलेले, काचेवर वाफ धरलेली, खाली खोपोलीची दरी ढगाने भरलेली. इंजिन सुटल्याचा धक्का. मग दुसऱ्या टोकाला लागल्याचा धक्का. मग गाडी हलते आणि तुम्ही पाठमोरे वर चढू लागता. मागे पडणारं सगळं दिसतंय, येणारं काहीच दिसत नाही. तुम्हा नेमस्तांचं तेव्हा तसंच झालं होतं. लोक गांधींकडे बघत होते. १९२० मध्ये जालियनवाला बागेवरच्या हंटर अहवालाच्या निषेधाची मुंबईतली सभा तुमच्या अध्यक्षतेखाली झाली आणि त्या सभेत ठराव मांडला तो गांधींनी. एका व्यासपीठावर दोन काळ बसले होते.

लोणावळं सोडलं की डाव्या-उजव्या हाताला भाताची खाचरं लागतात. जुलैत लावणी चाललेली असते. इरली पांघरलेल्या बाया चिखलात वाकून आवण लावत मागे मागे सरकत जातात. त्यांचंही तसंच. तोंड लावलेल्या रोपांकडे, पाठ लावायच्या चिखलाकडे. तिथूनच इंद्रायणी सोबतीला येते. कुरवंड्याच्या बाजूने निघालेली, अजून ओढ्याएवढी. देहू-आळंदी तिला पुढे गाठायची असते. प्रार्थना समाजाच्या उपासनेत तुकोबांचे अभंग होते. ते वर्षानुवर्षं ऐकलेला माणूस तुकोबांच्या नदीच्या काठाने जाताना पुस्तकात डोकं घालून बसला असेल असं मला वाटत नाही.

पण त्या खिडकीतून दुसरंही दिसत होतं. लोणावळं, वळवण, शिरोता. तीन धरणांचं पाणी घाटाखाली सोडून खोपोलीत १९१५ पासून वीज होत होती, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत होत्या. आंदर मावळात ठोकरवाडीचं पाणी अडलं, ते १९२२ मध्ये भिवपुरीला उतरलं. आणि शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ च्या रामनवमीपासून शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसत होते. सेनापती बापट, भुस्कुटे, आणि ज्यांची नावं कुठेच नाहीत असे मावळे. पन्नासेक गावांची भातजमीन बुडणार होती. तुम्ही त्या वेळी कौन्सिलाच्या खुर्चीत. जमीन घेण्याचा कायदा होता, कंपनी होती, मोबदला ठरला होता, सगळं रीतसर होतं. रीतसर असलेल्या गोष्टीने माणूस कसा बुडतो हे मुळशीने दाखवलं, आणि रीतीवर आयुष्य काढलेल्या तुम्हाला ते कसं वाटलं असेल, हे मी रात्री जागाच असलो तर कधी कधी स्वतःला विचारतो. आमच्या गावात वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं होतं. मुळशीत तर दोन्ही पाणवठे एकाच वेळी पाण्याखाली गेले.

माझा लेक म्हणतो, बाबा, तुम्ही एका साहेबी न्यायाधीशासाठी एवढं का कळवळता? ज्यांना त्याने शिक्षा दिल्या त्यांच्यासाठी कळवळा ना. त्यांच्यासाठी कळवळणारे पुष्कळ आहेत आणि असावेत. कान्हेरेच्या नावाने मैदान आहे, सावरकरांचं नाव घराघरात आहे, टिळकांचा उत्सव दर भाद्रपदात आहे. बाबासाहेबांचा तळेगावचा बंगला पाहायला लोक लांबून येतात, आणि मी स्वतः तिथे चप्पल काढून उभा राहिलो आहे. पण उंचीवरून पाणी वाढणाऱ्यांसाठी कोण रडतं? माझी आजी वाईट बाई नव्हती. भर उन्हात ती स्वतःची कळशी बाजूला ठेवून पाच-पाच घागरी भरून द्यायची, आणि घरी उशीर झाला म्हणून बोलणी खायची. आणि तरीही हातभराचं अंतर तिने जन्मभर सांभाळलं. तुम्ही तर ते अंतर कमी व्हावं म्हणून झटलात, मिशन चालवलंत, सभा घेतल्यात. धार मात्र तुमच्याही हातात वरूनच होती. मला तुम्ही दोघं एकत्र आठवता, आणि त्या आठवणीत राग किती आणि माया किती हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

गेल्या श्रावणात गावी गेलो होतो. घरोघर नळ आलेत, ओढ्याकडे कुणी जात नाही. गवत कमरेएवढं वाढलेलं. काठीने बाजूला सारत उतरलो तर वरचा पाणवठा सापडला, दगडाची कड झिजलेली, आजीचा पाय जिथे टेकायचा तिथे खळगा. खालचा सापडेना. वरचा तुडुंब भरून चहूबाजूंनी वाहत होता, पाणी गवतातून पसरत खाली जात होतं. बऱ्याच वेळाने पायाखाली कातळ लागला, मग हाताने चाचपला. पाणी दोन्हीवरून एकच होऊन वाहत होतं, थंडगार, लाल मातीच्या रंगाचं. तसाच वाकून मी ओंजळ भरली. वरून पुन्हा सर आली.